रँचवरचं पोटभरीचं जेवण: बिडाचा डच ओव्हन, पिंटो बीन्स, मेंढपाळांचा पाव, कॉबलर

रानचूल

अमेरिकेच्या पश्चिमेला टेक्ससपासून वायोमिंगपर्यंत आणि पलीकडे नेवाडापर्यंत गुरांचा आणि मेंढरांचा जो मुलूख पसरला आहे, तिथल्या जेवणासाठी हा धागा. शेजाऱ्याचं घर नजरेच्या टप्प्यात नाही, किराणा आणायला गेलं की दिवस मोडतो, अशा ठिकाणचं जेवण. त्यामुळे सामान सगळं टिकाऊ: सुके पिंटो बीन्स (राजम्याच्या जातीचे, ठिपकेदार), मैदा, सुकवलेले पीच आणि सफरचंद, खारवलेलं डुकराचं मांस, सुक्या मिरच्या, कॉफी. टोमॅटो डब्यातले. भांडं बहुतेक वेळा एकच, बिडाचं, तीन पायांचं, झाकणाचं: डच ओव्हन.

या स्वयंपाकाची घडी बसली १८६६ साली. चार्ल्स गुडनाइट या टेक्ससच्या पशुपालकाने लष्कराची जुनी स्टुडबेकर गाडी घेतली आणि तिच्या मागच्या अंगाला खणांचं कपाट बसवलं. कपाटाचं झापड बिजागरीवर खाली उघडायचं, त्याला एक पाय लावला की ओटा तयार. हीच चकवॅगन, गुरांच्या कळपाबरोबर फिरणारं स्वयंपाकघर. गाडीच्या पोटाखाली कातड्याची झोळी ताणून बांधलेली असायची. तिच्यात वाटेत मिळेल ते जळण पडायचं, लाकूड नाहीतर वाळलेल्या शेण्या. झाडच नसलेल्या माळावर सगळा स्वयंपाक शेण्यांवर. शेण्यांची राख किती पडते ते आपल्याला माहीतच आहे, आणि डच ओव्हनच्या झाकणाला बोटभर उंच काठ का असतो याचं एक उत्तर त्या राखेत आहे. झाकण उचलताना राख आत सांडता कामा नये.

टेक्ससने २००५ साली चकवॅगनला राज्याचं वाहन आणि बिडाच्या डच ओव्हनला राज्याचं स्वयंपाकाचं साधन असा मान दिला. युटाने डच ओव्हनला तो १९९७ मध्येच दिला होता.

आता कामाचं बोलू. या जेवणात मसाला फार थोडा, त्यामुळे सगळी मदार आचेवर. १२ इंची, साधारण पावणेसहा लिटरचा डच ओव्हन धरू. कोळशाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या एकसारख्या वड्या) वापरायच्या असतील तर हिशोब सोपा आहे: भांड्याचा व्यास इंचांत घ्या, त्यात ३ मिळवले की वरच्या ब्रिकेट, ३ वजा केले की खालच्या. म्हणजे १२ इंचीला वर १५, खाली ९. आत १७५ अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता मिळते. त्यापुढे प्रत्येक जादा जोडीमागे (एक वर, एक खाली) साधारण १४ अंश वाढतात.

हे झालं सर्वसाधारण गणित. पदार्थ बदलला की वाटणीही बदलते. भाजायचं असेल (पाव, बिस्किट, फळांचा गोड कॉबलर) तर दोन वाटे वर, एक वाटा खाली. रस्सा शिजवायचा असेल तर अर्धे वर, अर्धे खाली. तळायचं असेल तर सगळे खाली आणि झाकण बाजूला. खालचे निखारे कडेने गोल मांडा, मध्ये एकही नको. मध्ये ठेवला की तेवढाच गोल करपतो आणि बाकीचा पाव पांढरा राहतो, नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक. दर १०-१२ मिनिटांनी भांडं पाव फेरा एका दिशेला आणि झाकण पाव फेरा उलट्या दिशेला फिरवा, म्हणजे वाऱ्याच्या बाजूचा निखारा एकाच जागी काम करत बसत नाही. ब्रिकेट तासाभरात बसतात, म्हणून लांबलचक पदार्थाला पाऊण तास झाला की दुसरा घाणा पेटवायला घ्या.

घेताना पाय असलेलं आणि काठाच्या सपाट झाकणाचं भांडं घ्या. घुमटाकार झाकणाचं, बिनपायांचं मिळतं ते घरच्या भट्टीसाठी, त्यावर निखारे ठरत नाहीत. वजन ८-९ किलो भरतं, लोखंडी आकड्याशिवाय तापलेलं झाकण उचलायला जाऊ नये.

पाटावरवंटा

फार उपयोगी माहिती. कोलोरॅडो-वायोमिंगकडे राहणाऱ्यांचा एक नेहमीचा प्रश्न मांडते. पिंटो बीन्स रात्रभर भिजवूनही तीन तासांत शिजत नाहीत, साल वेगळी होते आणि आतून खडखडीत राहतात. हा बीन्सचा दोष की पाण्याचा?

घोंगडी

@पाटावरवंटा, बहुतेक वेळा उंचीचा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं आणि दर ३०० मीटर चढलं की साधारण एक अंश कमी होतो. कोलोरॅडोमधलं डेन्व्हर १,६०९ मीटरवर, तिथे ९५च्या जरा खाली. वायोमिंगमधलं लॅरमी जवळजवळ २,२०० मीटरवर, तिथे ९३लाच उकळी फुटते. (आपल्या महाबळेश्वरला ९५-९६.) उकळी कितीही जोरात दिसली तरी पाणी त्यापुढे तापत नाही. गॅस मोठा केल्याने फक्त पाणी आटतं आणि दाणे एकमेकांवर आपटून फुटतात. सपाटीवर दीड तासात होणाऱ्या पिंटोला तिथे अडीच-तीन तास द्यावेच लागतात.

तरीही होत नसतील तर आणखी तीन कारणं तपासा.

पहिलं, बीन्सचं वय. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला दाणा कितीही भिजवा, आतून मेणासारखा होत नाही. ताज्या पिंटोवरचे तपकिरी शिंतोडे उठून दिसतात. जुन्याचा सगळा रंग मळकट तांबूस होतो. पोतं घेताना मूठभर दाणे हातात घेऊन बघावेत.

दुसरं, जड पाणी. विहिरीच्या पाण्यात चुना असतो आणि तो सालीला घट्ट धरून ठेवतो. ४५० ग्रॅम बीन्सना पाव चमचा खायचा सोडा भिजवतानाच घाला. अर्धा चमचा घातला तर साबणाची चव येते आणि दाण्यांचा लगदा होतो, तेव्हा मोह आवरा.

तिसरं, आंबट. टोमॅटो, काकवी, व्हिनेगर हे दाणा बोटांनी चिरडला जाईपर्यंत भांड्याजवळ आणू नयेत. आंबट पडलं की मऊ होणं तिथेच थांबतं. अर्ध्या कच्च्या बीन्समध्ये टोमॅटोचा डबा ओतला तर पुढे चार तास शिजवूनही फरक पडत नाही.

मिठाने दाणा कडक राहतो असा मात्र उलटा समज पसरला आहे. मीठ भिजवणाच्या पाण्यात घातलं तर साल मऊ होते. लिटरला १५ ग्रॅम मीठ, ८ ते १२ तास, मग पाणी फेकून धुवून घ्या.

रानचूल

घोंगडी यांनी पायाच घालून दिला, आता त्यावर रँचच्या बीन्सची कृती देतो. सहा जणांना.

पिंटो ४५० ग्रॅम, वरच्यासारखे भिजवून निथळलेले. खारवलेलं डुकराचं मांस किंवा बेकन १२० ग्रॅम, बोटाच्या पेराएवढे तुकडे. एक मोठा कांदा, लसणाच्या ५ पाकळ्या, २ सुक्या अँचो मिरच्या (मेक्सिकन, गोडसर) बिया काढून, १ चमचा जिरं, १ तमालपत्र. पाणी दाण्यांच्या वर चार बोटं.

मांस थंड भांड्यात टाकून मगच आच द्या, म्हणजे चरबी सावकाश सुटते. गरम भांड्यात टाकलं तर बाहेरून करपतं आणि चरबी आतच राहते. त्या चरबीत कांदा-लसूण परता, बीन्स आणि पाणी घाला, पहिली १०-१५ मिनिटं खळखळून उकळी, मग मंद. झाकण किंचित उघडं. मध्ये पाणी घालायचं तर उकळतंच घाला. दाणा जिभेने टाळूवर दाबला की पिठूळ विरघळला पाहिजे, तोवर मीठ पूर्ण घालू नका, मांसाचा खारटपणा शेवटपर्यंत उतरत राहतो. शेवटी डावभर दाणे भांड्याच्या कडेला दाबून चिरडा आणि परत रश्शात मिसळा. वेगळं पीठ न लावता रस दाट होतो.

मांस नको असेल तर ३ मोठे चमचे तेल आणि एक चिपोटले मिरची, म्हणजे धुरावलेली हालापेन्यो. बेकनमुळे जो धुरकट वास येतो तो तिच्याने बराचसा भरून निघतो.

दुरडी

आपला शिट्टीचा कुकर चालेल का? आणि स्लो कुकर?

घोंगडी

कुकर उत्तम. उंचीवरच्या घरात त्याच्याइतकं कामाचं भांडं दुसरं नाही. भिजवलेले पिंटो सपाटीवर पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर १५ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला वेळ ५ टक्के वाढवा, म्हणजे लॅरमीसारख्या ठिकाणी पाव पट जास्त. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस शिट्टीत अडकतो. चमचाभर तेलाने फेस बसतो.

स्लो कुकरमध्ये कच्चे बीन्स थेट घालू नका, हे कळकळीने सांगतो. पिंटो आणि राजमा एकाच जातीचे. त्यांच्यात एक विषारी प्रथिन असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त, पिंटोत कमी. ते चांगल्या उकळीने मरतं, पण स्लो कुकरचं ७५-८० अंशांचं तापमान त्याला पुरत नाही आणि मग उलट्या-जुलाब होतात. भिजवणाचं पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा, त्यानंतर खुशाल स्लो कुकरमध्ये टाका.

आंबोण

पावाकडे येते. रँचच्या मुलखात दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि दोन्ही शिकण्याजोग्या आहेत.

एक चकवॅगनची सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाची, बिस्किटं. (आपली चहातली बिस्किटं नव्हेत. जाड, मऊ, पापुद्र्यांची, रश्श्याबरोबर खायची.) गाडीवरचा आचारी आंबवणाचं छोटं पिंप जपायचा. दिवसा उन्हात, रात्री थंडी पडली की गोधडीत गुंडाळून. विरजण जपावं तसंच. थंडीत ते झोपतं आणि सकाळी बिस्किटं दगड होतात.

मैदा २४० ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, सोडा पाव चमचा, मीठ पाऊण चमचा, थंडगार लोणी ८० ग्रॅम, फसफसलेलं सावरडो आंबवण २०० ग्रॅम (पीठ-पाणी समान वजनाचं), ताक १०० ते ११० मिली.

सोडा आणि बेकिंग पावडर मैद्याबरोबर दोनदा चाळा. सोड्याची गुठळी राहिली की भाजल्यावर तिथे पिवळा ठिपका उमटतो आणि तो घास कडू लागतो. लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, तळव्याने नको, तळवा गरम असतो. वाटाण्याएवढे खडे राहू द्या. तेच भाजताना वितळून पापुद्रे उचलतात. आंबवण आणि ताक घालून काट्याने जेमतेम एकत्र करा. पोळीची कणीक मळायची सवय इथे आडवी येते: तिंबलं की चिवट झालं. ओट्यावर थापून तीन घड्या, पुन्हा थापून अडीच सेंटिमीटर जाड, आणि वाटीने कापताना सरळ दाबून उचला. वाटी पिळली की कडेचे थर चिकटतात आणि बिस्किट एका बाजूला कलतं.

तुपाचा हात लावलेल्या डच ओव्हनमध्ये बिस्किटं एकमेकांना खेटून लावा, अर्धा तास झाकून ठेवा. एकूण ३० ब्रिकेट, खाली १० आणि वर २०, म्हणजे साधारण २२० अंश. १५ ते १८ मिनिटं. दहा मिनिटांच्या आत झाकण उघडू नका.

दोन हजार मीटरच्या वर बेकिंग पावडर २ चमच्यांऐवजी सव्वा चमचा पुरते. हवेचा दाब कमी, त्यामुळे वायू जास्त फुगतो. पूर्ण मापाने घातलं तर बिस्किटं भराभर फुगतात आणि बाहेर काढताच मध्ये बसतात. ताक मात्र एक-दोन मोठे चमचे जास्त लागतं, तिकडचा मैदा कोरडा असतो.

दुसरी परंपरा बास्क मेंढपाळांची. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातून हे लोक नेवाडा, आयडाहो आणि कॅलिफोर्नियात मेंढरं राखायला आले. नेवाडातल्या एल्कोमधलं बास्क खाणावळीचं स्टार हॉटेल १९१० सालचं आहे आणि त्या गावात दरवर्षी राष्ट्रीय बास्क उत्सव भरतो. मेंढपाळ डोंगरात महिनोन्‌महिने एकटा. तो जमिनीत खड्डा करून निखारे घालायचा, पिठाने भरलेला डच ओव्हन त्यात पुरायचा आणि वरून निखारे-माती लोटायचा. तयार पावाच्या तळावर सुरीने क्रूस कोरून पहिला तुकडा राखणीच्या कुत्र्याला द्यायची रीत होती.

माप मोठं आहे, १२ इंची भांड्याचं. मैदा १२०० ग्रॅम, कडकडीत पाणी ७०० मिली, लोणी ११५ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, मीठ १८ ग्रॅम, कोरडं यीस्ट १४ ग्रॅम. घरच्या अडीच-तीन लिटरच्या भांड्याला सगळं निम्मं करा.

गरम पाण्यात लोणी, साखर, मीठ विरघळवा आणि कोमट होईपर्यंत थांबा. इथे घाई नडते. ६० अंशांच्या पाण्यात यीस्ट मेलं की बारा वाट्या मैदा वाया. बोट बुडवून सहज ठेवता आलं की यीस्ट घाला, १५ मिनिटांनी फेस दिसला की मैदा. हे पीठ मात्र दहा मिनिटं मनसोक्त तिंबायचं. दीड तास फुगू द्या, दाबून हवा काढा, गोळा करा. भांड्याच्या तळाला तेल लावलेला कागद, बाजूंना आणि झाकणाच्या आतूनही तेल. गोळा ठेवून झाकण लावा आणि आता नुसतं झाकणाकडे लक्ष ठेवा. पीठ वाढत वाढत झाकणाला टेकतं आणि मग ते जड बिडाचं झाकण बोटभर वर उचलतं. कडेने पिठाची पांढरी रेघ दिसली की भट्टीत घालायची वेळ झाली. झाकण दोन बोटं उचलेपर्यंत थांबलात तर पीठ थकतं आणि पाव मध्ये खचतो.

घरच्या भट्टीत १९० अंश: १२ मिनिटं झाकणासकट, मग झाकण काढून ३० ते ३५ मिनिटं. काढल्यावर तळावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. पूर्ण गार होण्याआधी कापू नका, आतला भाग पेढ्यासारखा चिकटतो.

पाटावरवंटा

आंबोण, थर्मामीटर वापरणाऱ्यांनी आतलं तापमान किती बघायचं? पुस्तकात ९६ लिहिलेलं असतं.

आंबोण

सपाटीवर ९३ ते ९६ बरोबर. उंचीवर तो आकडा सोडा. पावातलं पाणी ज्या अंशाला उकळतं त्याच्या वर पावाचा गाभा जातच नाही. लॅरमीला ९३ला उकळी, तर ९६ची वाट बघत बसलं की पाव वाळून जातो आणि काटा तिथेच थांबलेला असतो. तिथल्या उकळबिंदूच्या दोन-तीन अंश खाली आलं की काढा. यीस्टही पाव भाग कमी करा, पीठ फार लवकर चढतं आणि चव बनायला वेळ मिळत नाही.

माळरान

मांसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रँच म्हटलं की गोमांस, आणि आपल्यापैकी बरेच जण ते खात नाहीत. पण टेक्ससचाच एडवर्ड्स पठाराचा भाग शेळ्या-मेंढ्यांचा आहे, तिथे शतकाहून जास्त काळ शेळ्या पाळल्या जातात. ब्रेडी नावाच्या गावात दरवर्षी लेबर डेच्या (तिकडच्या कामगार दिनाच्या) सुट्टीत बोकड भाजण्याची स्पर्धा असते. तेव्हा बोकडाच्या मांसाने केलेली चिली ही त्या मुलखाला परकी नाही.

चिली म्हणजे मिरच्यांच्या वाटणात शिजवलेलं मांस. टेक्ससने १९७७ मध्ये तिला राज्याचा पदार्थ ठरवलं. तिकडच्या जुन्या पद्धतीत बीन्स नाहीत आणि टोमॅटोही नाही. बीन्स हवे असतील तर शेजारी वाढा, रानचूल यांचे.

बोकडाच्या खांद्याचं बिनहाडाचं मांस १२०० ग्रॅम, अडीच सेंटिमीटरचे तुकडे. खिमा नको. अँचो मिरच्या ६, ग्वाहियो (दुसरी एक सुकी मेक्सिकन मिरची) ३, लसूण ६ पाकळ्या, कांदा १, भाजलेलं जिरं २ चमचे, मेक्सिकन ओरेगानो १ चमचा, पाणी किंवा हाडांचं पाणी १ लिटर, मासा पीठ (चुन्याच्या पाण्यात भिजवलेल्या मक्याचं) २ मोठे चमचे, मीठ.

मिरच्यांचे देठ-बिया काढून कोरड्या बिडाच्या तव्यावर एकेका बाजूला १५-२० सेकंद. वास सुटला आणि साल किंचित फुगली की लगेच उचला. काळा डाग पडला तर ती मिरची फेका, एक करपलेली मिरची सगळ्या भांड्याला कडवट करते आणि तो कडूपणा गुळाने किंवा साखरेने जात नाही. गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून गंधासारखं वाटा. भिजवणाचं पाणी चाखून बघा, कडू असेल तर ओतून द्या.

मांस टिपून कोरडं करा आणि तीन घाण्यांत तांबूस परता. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी उकडतं. मग कांदा, लसूण, वाटण. वाटण ५ मिनिटं परतून कडेने तेल सुटू द्या. पाणी, मांस, ओरेगानो, जिरं. मंद आचेवर सव्वादोन ते अडीच तास, बोकड जून असेल तर तीन. शेवटची २० मिनिटं राहिली की मासा पीठ थंड पाण्यात कालवून घाला. त्याने रस दाट होतो आणि मक्याचा तो चुन्यात भिजवलेला खमंग वास येतो. साध्या मक्याच्या पिठाला तो वास नाही.

भारतात अँचो नसेल तर ब्याडगी ८-१० आणि एक मोठा चमचा मनुका एकत्र वाटून घ्या. अँचोत एक मनुकांसारखा गोडसर गडदपणा असतो, तो नुसत्या ब्याडगीत येत नाही. तिखट हवं असेल तर एखादी संकेश्वरी. गरम मसाला मात्र घालू नका, मग तो आपला मटणाचा रस्सा होतो. तोही छानच, पण पदार्थ वेगळा.

निखारा

चिलीबरोबर आंबोण यांची बिस्किटं चालतील, पण दक्षिण टेक्ससमध्ये पान दे काम्पो असतो, स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांचा माळावरचा पाव, टेक्ससचा राज्य-पाव. यीस्ट नाही, आंबवण नाही. मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, मीठ पाऊण चमचा, डुकराची चरबी किंवा तूप ५० ग्रॅम, दूध १५० मिली. एकत्र करून १५ मिनिटं झाकून ठेवायचं, बोटभर जाड लाटायचं, काट्याने टोचायचं आणि आधीच तापवलेल्या डच ओव्हनमध्ये भाजायचं, खालून ८ आणि वरून १६ ब्रिकेट. १० मिनिटांनी उलटायचं, मग ५-७ मिनिटं. टोचलं नाही तर मध्ये फुगा येतो आणि फुग्याची टोपी करपते.

आणि कॉफी. त्या काळी आर्बकल्सची भाजलेली कॉफी एक-एक पौंडाच्या कागदी पुड्यांत यायची, दाण्यांवर अंडं आणि साखरेचा लेप, प्रत्येक पुड्यात पेपरमिंटची एक कांडी. कांडीच्या बदल्यात दाणे दळून द्यायला गडी पुढे यायचे. कृती: लिटरभर पाणी उकळून आचेवरून उतरवा, ६०-६५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घाला, ढवळा, ४-५ मिनिटं थांबा, मग अर्धी वाटी थंड पाणी वरून सोडा. गाळ तळाला बसतो. कॉफी घातल्यावर उकळत ठेवली तर कडू काढा होतो.

दुरडी

गोड काय करायचे?

निखारा

कॉबलर. डब्यातल्या किंवा भिजवलेल्या सुक्या पीचचा. भारतात हुंझा जर्दाळू किंवा साधे सुके जर्दाळू, रात्रभर भिजवून १० मिनिटं त्याच पाण्यात शिजवलेले.

फळं निथळून ७०० ग्रॅम. लोणी ११५ ग्रॅम. मैदा १२५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, चिमूट मीठ, दूध २४० मिली. लोणी डच ओव्हनमध्ये वितळवा. बाकीच्याचं डोशासारखं सैल पीठ करून लोण्यावर ओता, त्यावर फळं पसरा आणि ढवळू नका. पीठ आपोआप फळांच्या वर चढतं आणि कडेला लोण्यात तळल्यासारखी तपकिरी कड धरते. ढवळलं की फळांचा रस पिठात मिसळतो आणि सगळा शिरा होतो. १७५-१८० अंश, खाली ८ आणि वर १६, ४० ते ४५ मिनिटं. झाकणाखाली आधी दुधाचा वास येतो, मग कॅरमलचा. कॅरमलचा आला की पाच मिनिटांत उतरवा.

उंचीवर बेकिंग पावडर एक चमचा आणि साखर दोन मोठे चमचे कमी. साखर जास्त राहिली तर मधला भाग धरतच नाही.

माळरान

चकवॅगनभोवती काही नियम होते, ते आजही मोकळ्यावर स्वयंपाक करताना पाळावेत इतके शहाणपणाचे आहेत. वाऱ्याच्या वरच्या अंगाने घोडा आणायचा नाही, धूळ भांड्यात जाते. आचारी हाक देईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. झाकण घेतलंच तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि मातीला टेकवायचं नाही, कारण परत लावताना माती आत येते. जेवून झालं की ताटली ठरलेल्या टबात. आणि कॉफी ओतायला उठलेल्याला कोणी हाक दिली की त्याने सगळ्यांचे कप भरायचे. रात्री निजण्याआधी आचारी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याच्या दिशेला वळवून ठेवायचा. सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी कळप कुठे न्यायचा ते कळे.

पाटावरवंटा

कॉबलर आणि टोमॅटो घातलेले बीन्स यांच्यानंतर भांड्याला लोखंडी वास आणि राखाडी डाग येतात. भांडं खराब झालं का?

रानचूल

नाही. आंबटाने बिडावरचा तेलाचा थर खाल्ला, एवढंच. म्हणून आंबट पदार्थ भांड्यात मुरत ठेवू नका, शिजला की दुसऱ्या भांड्यात काढा. नव्या भांड्यात पहिले पाच-सहा पदार्थ तळणाचे किंवा पावाचे करा, थर घट्ट होऊ द्या, मग टोमॅटो.

थर गेला असेल तर असं करा: गरम पाणी, ब्रश, लागलाच तर थेंबभर सौम्य साबण. चिकटलेलं असेल तर मूठभर जाडं मीठ आणि कापड. लगेच पुसून आचेवर ठेवून पूर्ण कोरडं करा, भांडं ओलं राहिलं की तासाभरात तांबूस गंज दिसायला लागतो. मग जवसाचं नको, साधं सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल अगदी पातळ फासा आणि कोरड्या फडक्याने असं पुसा की जणू तेल लावलंच नव्हतं. जवसाचा थर सुंदर चकाकतो पण पुढे पापुद्र्यांनी सुटतो. भट्टीत उपडं घालून २३० अंशांना एक तास, भट्टीतच गार होऊ द्या. दोन-तीन वेळा करावं लागेल. तेल जास्त राहिलं की थर चिकट होतो आणि त्यावर ओघळ उमटतात. तसं झालं तर तेल न लावता आणखी तासभर तापवा.

तापलेल्या भांड्यात थंड पाणी कधीही ओतू नका, बीड तडकतं आणि त्याला जोड देऊन उपयोग नसतो.

दुरडी

आणि पावसाळ्यात ठेवायचं कसं? कोकणात दोन महिने वापर नसला तर?

रानचूल

तेलाचा हात लावून, आत वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद ठेवा. काठावर कागदाची जाड घडी ठेवून तिच्यावर झाकण टेकवा, म्हणजे फट राहते. घट्ट झाकलं तर आतली हवा दमट होते आणि तेल खवट वास धरतं. दर पंधरा दिवसांनी कागद बदला. वापरण्याआधी भांडं गरम करून मीठ-कागदाने एकदा पुसून घ्या आणि पहिल्यांदा त्यात पान दे काम्पो भाजा.